दवाखाना सोडण्याआधीची वर्षं

नट व्हायचंय असं परभणीच्या घरी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "काय करायलास रे? पोट कशावर भरणार?" माझं उत्तर तयारच होतं, "डॉ. श्रीराम लागूंनी डॉक्टरकी सोडलीच की!" मामा शांतपणे म्हणाले, "त्यांच्याजवळ सोडायला डॉक्टरकी होती. तुझ्याजवळ काय हाय?"

झोंबलं. पण मामांचं बरोबर होतं. लागूंचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. पुण्यात डॉक्टरकी शिकताना नाटक सुरू झालं, मग भालबा केळकरांबरोबर पीडीए ही नाट्यसंस्था. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस चालू होती आणि तालमीही. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, बेचाळिशीत, आणि १९७० ला 'नटसम्राट' आलं. आपण पोरं शेवटची उडी तेवढी सांगतो, आधीच्या तालमी गाळतो.

म्हणून मी संभाजीनगरला आलो, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्रवेश घेतला आणि सकाळी मेडिकल दुकानात काउंटरवर उभा राहिलो. राज्य नाट्य स्पर्धेत पहिल्या वर्षी भूमिका नव्हतीच, डिमरवर, म्हणजे रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करायला, बसवलं. राग आला होता. पण नट दोन पावलं चुकला की त्याचा चेहरा कसा काळा पडतो, हे तिथूनच दिसलं. नव्या पोरांनी पहिलं वर्ष पडद्यामागे काढावंच, असं माझं ठाम मत आहे. (प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटाला विसरलेलं वाक्य सांगणं, मात्र टाळा. चूक कुणाचीही असो, शिव्या तुम्हालाच.)

बोलीचं काय? एका दिग्दर्शकानं मला तोंडावर सांगितलं, "आधी ही परभणी घालव." सहा महिने रोज पहाटे मोठ्यानं वाचन केलं, प्रमाण उच्चार बसवले. परभणी मात्र घालवली नाही. मकरंद अनासपुरेंनी आपल्याकडची बोली पडद्यावर नेऊन दाखवलीच आहे. दोन्ही जिभा जवळ ठेवा, कुठली कधी काढायची ते भूमिका सांगते.

कॅमेऱ्यापुढं माझा पहिला दिवस फजितीचा होता. शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसा ओरडलो. नंतर 'सिंहासन' सिनेमा पुन्हा बघितला, आवाज बंद करून. लागूंचा विश्वासराव समोरचा बोलत असताना काय करतो, तेवढंच बघत बसलो. तुम्हीही बघा. 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांचा तो आवाज ज्या नटाचा, तोच इथं पापणीवर काम भागवतो.

मुंबईला जाताना देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट आणि सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची सोय, दोन्ही हवं. मामा अजून फोनवर विचारतात, पोट कशावर? सध्या एका मालिकेतल्या हवालदारावर, सांगतो. त्याचे पैसे ९० दिवसांनी येतात, तोवर डबिंगवर.