मेसरश्मिट 109 चं मॉडेल: फोटोपासून अँटेनाच्या तारेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान करायचं म्हटलं की बहुतेकजण आधी किट, म्हणजे जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या भागांचा संच, शोधतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी एक फोटो शोधा. मेसरश्मिट बीएफ 109 जातीची 33,000 हून जास्त विमानं बनली आणि रशियाच्या बर्फापासून लिबियाच्या वाळूपर्यंत सगळीकडे उडाली. 1943 पासून आलेल्या जी-6 या एकाच उपप्रकारात कुणाची शेपूट बुटकी, कुणाची उंच आणि लाकडी. कुणाची कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरचं काचेचं झाकण, जाड चौकटींची, कुणाची मोकळी आणि जास्त काचेची. ‘एक 109’ करायला बसलात तर प्रत्येक पायरीवर अंदाज बांधावा लागतो. अंगावरचा आकडा दिसणारं एक नेमकं विमान निवडलंत तर रंग, पट्टे, झीज, सगळ्याची उत्तरं त्या फोटोतच सापडतात. फोटो छापून टेबलासमोर चिकटवा.

किट निवडणं मग सोपं होतं. 1:48 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 48 पट लहान मापात, या विमानाचे पंख साधारण 21 सेंटिमीटर भरतात, 1:72 मध्ये 14. पहिल्यांदा करणाऱ्याने 1:48 घ्यावं. ठिपक्यांची रंगसंगती त्यात हाताला झेपते. तामिया कंपनीचं किट जुळणीला फार सुरेख आहे. एडुआर्ड कंपनीच्या किटमध्ये रिव्हेटचं काम बारीक असतं आणि डिकॅलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचे) पर्याय बरेच मिळतात.

कॉकपिट

भाग स्प्रूवरून (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात) कापताना कटर भागाला टेकवू नका. थोडा दांडा ठेवून कापा, उरलेला ब्लेडने आणि पॉलिश पेपरने काढा. स्प्रू कोमट साबणाच्या पाण्यात आधीच धुऊन घ्या, म्हणजे साच्याचं तेल जातं आणि रंग धरतो.

जी-6 चं कॉकपिट आरएलएम 66, म्हणजे काळपट राखाडी. आरएलएम हे जर्मन हवाई मंत्रालय. त्याच्या यादीतल्या क्रमांकांनीच हे रंग आजही विकले जातात. कॉकपिटला शुद्ध काळा लावू नका, बारीक तपशील गिळला जातो. 66 मारा, सुकल्यावर कडांवर फिकट राखाडीत बुडवून पुसलेला, जवळजवळ कोरडा ब्रश फिरवा, डायलवर चकचकीत वार्निशचा एकेक थेंब सोडा. सीटचे पट्टे मळकट पांढरे.

सांधा

खरी मेहनत इथे आहे, आणि इथेच घाई होते. धडाची दोन अर्धी अंगं जुळवून धरा, प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला टेकवा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. हलकं दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येते. ती यायलाच हवी. दिवसभर सुकू द्या, मग 400, 800, 1200 अशा क्रमाने पॉलिश पेपर मारा. खाच राहिली असेल तर मिस्टर सरफेसर (खाचा भरणारा जाड प्रायमर) भरा.

आता या विमानाची खास गोष्ट. कॉकपिटच्या मागचं खऱ्या 109 चं धड डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांतच बनायचं आणि वर-खाली मधोमध जोडलं जायचं. म्हणजे पाठीवर त्या जागी सांध्याची रेघ खरोखरच होती. म्हणून सांधा आधी पूर्ण गुळगुळीत करा आणि मग डायमो टेपची (लेबलची जाड चिकटपट्टी) सरळ कड लावून स्क्रायबरने (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) तिथे बारीक, सरळ रेघ पुन्हा कोरा. किटचा सांधा तसाच सोडून ‘खऱ्यातही होताच’ म्हणणं चालणार नाही. ती रेघ वाकडी आणि जाड दिसते.

पंखाच्या पुढच्या कडेच्या स्लॅट पट्ट्या सुट्या दिल्या असतील तर बाहेर आलेल्या लावा. हवेचा दाब कमी झाला की त्या स्वतःहून बाहेर यायच्या, त्यामुळे उभ्या विमानाच्या फोटोत बऱ्याचदा तशाच दिसतात.

रंग

प्रायमर मारून सांधे पुन्हा तपासा. या थरातच चुका उघड्या पडतात आणि दुरुस्तीही इथेच स्वस्तात होते.

क्रम फिकटाकडून गडदाकडे. आधी पोट आणि धडाच्या बाजूंना आरएलएम 76, फिकट निळसर राखाडी. मग वरून 75, जांभळट छटेचा राखाडी. त्यावर 74, हिरवट गडद राखाडी, कोनाकोनाच्या आकारात. पंखांवरच्या दोन रंगांच्या सीमेसाठी ब्लू-टॅकच्या (मळता येणारा, परत निघणारा चिकट गोळा) बारीक वळकट्या करून ठेवा आणि सरळ वरून फवारा. कड किंचित मऊ येते, हवी तशी. पूर्वेकडच्या आघाडीवरचं विमान असेल तर नाकाखालचा आणि पंखांच्या टोकांखालचा पिवळा सगळ्याच्या आधी, तोही पांढऱ्या थरावर मारा. राखाडीवर पिवळा मळतो.

धडाच्या बाजूचे ठिपके हा या मॉडेलचा जीव आहे. 20 सेंटिमीटरचा खरा डाग 1:48 मध्ये जेमतेम 4 मिलिमीटर होतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. एअरब्रशला (रंग फवारायचं पेन) 0.2 मिमी नोझल, 10 ते 12 पीएसआय दाब, रंग दुधाहून पातळ, आणि एअरब्रशचं तोंड पृष्ठभागापासून एक-दोन सेंटिमीटरवर. आधी जुन्या प्लास्टिकवर हात बसवा. एका फटक्यात गडद डाग पाडू नका. फिकट धूसर ठिपका पाडा, पुढे जा, फोटो बघा, परत येऊन हवा तिथेच गडद करा. 74, 75 आणि अधूनमधून 02 (हिरवट राखाडी) असे तीन रंग मिसळले की बाजू सपाट दिसत नाही. ठिपके सारख्या अंतरावर पडू लागले की थांबा. डाग मोठा झाला तर भोवतीने 76 ची पातळ फवारणी करून त्याला परत लहान करता येतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर लॅकर रंग जपून वापरा. दमट हवेत थर दुधाळ होतो आणि कंप्रेसरच्या नळीत पाणी साठतं. ते पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावा, मुसळधार पावसाच्या दिवशी फवारणी टाळा. रासायनिक वाफा अडवणारा मास्क मात्र बारा महिने.

डिकॅल आणि झीज

चकचकीत थर दिल्याशिवाय डिकॅल लावू नका. खडबडीत रंगावर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. कोमट पाणी, जागेवर सेटर (डिकॅल नीट चिकटवणारा द्रव), वरून सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारा द्रव), आणि सुरकुत्या पडल्या तरी हात लावायचा नाही. त्या आपोआप बसतात.

शेपटीवरचं नाझी चिन्ह बऱ्याच किटमध्ये दोन तुकड्यांत असतं किंवा नसतंच, कारण जर्मनीत त्याच्या प्रदर्शनावर कायद्याने बंधनं आहेत. घरातल्या ऐतिहासिक मॉडेलवर ते लावावं असं माझं मत आहे. हे विमान कोणत्या राजवटीसाठी उडत होतं ते लपवू नये, आणि त्या राजवटीचं कौतुकही होऊ देऊ नये. मॉडेल परदेशी प्रदर्शनात न्यायचं असेल तर तिथले नियम आधी बघा.

डिकॅलवर पुन्हा चकचकीत थर, मग पॅनेलच्या रेघांत गडद तपकिरी ऑइल रंगाचा वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, सोडा, पुसून घ्या, आणि शेवटी मॅट वार्निश. झीज कुठे दाखवायची ते विमानाच्या रचनेवरून ठरवा. कॅनोपी उजवीकडे उघडायची, म्हणून वैमानिक डाव्या पंखावरून चढायचा. चंदेरी पेन्सिलीचे ओरखडे डाव्या पंखाच्या मुळाशी जास्त. इंजिन उलटं बसवलेलं, त्यामुळे धुराची तोंडं खालच्या बाजूला. काजळीचा पट्टा पंखाच्या मुळावरून मागे जातो. तो काळा-तपकिरी मिसळून, अगदी पातळ थरांत मारा.

शेवटची जोडणी

चाकांचे पाय धडाजवळून फुटून बाहेरच्या बाजूला पसरतात. हा कोन चुकला तर बाकी सगळं अचूक असूनही विमान परकं दिसतं. समोरून काढलेल्या रेखाचित्राची मॉडेलच्या मापात प्रत काढा, जाड कागदावर कापा आणि गोंद सुकेपर्यंत पाय त्या साच्यात धरून ठेवा.

कॅनोपीच्या चौकटींवर आधी 66 आणि त्यावर बाहेरचा रंग मारा, म्हणजे आतून बघताना कॉकपिटचाच रंग दिसेल. चिकटवायला फेविकॉल पुरतो. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

अँटेनाची तार सगळ्यात शेवटी. लवचिक बारीक धागा आधी शेपटीच्या टोकाला सुपरग्लूच्या सुईएवढ्या थेंबाने बसवा, पूर्ण सुकू द्या, मगच हलका ताण देऊन पुढच्या टोकाला चिकटवा. ताण जास्त झाला तर अँटेनाची काडी वाकते. तार कुठून कुठे जाते ते फोटोत बघून घ्या.