उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील वंशावळ कशी वाचावी

नोहाच्या शेम, हाम आणि याफेथ या तीन पुत्रांपासून राष्ट्रे कशी पसरली हे सांगणारा, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील हा अध्याय अनेक वाचक रुक्ष यादी समजून ओलांडतात. तसे करू नये. प्राचीन पश्चिम आशियाचा नकाशा शेजारी ठेवावा आणि प्रत्येक नाव व्यक्तीचे, नगराचे की लोकसमूहाचे, याची नोंद करत जावे. हामाचा पुत्र कनान याचा ज्येष्ठ पुत्र सीदोन हे फिनिशियाच्या (आजच्या लेबनॉनच्या) किनाऱ्यावरील नगराचेही नाव आहे आणि त्याच्यामागोमाग यबूसी, अमोरी असे समूहच संतती म्हणून येतात. म्हणजे येथील नाते केवळ रक्ताचे नाही.

पाचवे, विसावे आणि एकतिसावे वचन आधी वाचावे, कारण कुळ, भाषा, देश आणि राष्ट्र हे वर्गीकरणाचे निकष तेथेच सांगितले आहेत. कनानी भाषा शेमाच्या वंशातील इस्राएलाच्या हिब्रू भाषेच्या अगदी जवळची असूनही कनान मिसराबरोबर (म्हणजे इजिप्तबरोबर) हामाच्या शाखेत येतो. कनानवर मिसरचे दीर्घकाळ वर्चस्व होते हे ध्यानात घेतल्यास ही मांडणी बरीचशी उलगडते.

शबा हे नाव सातव्या वचनात हामाचा पुत्र कूश याच्या, तर अठ्ठाविसाव्यात शेमाच्या वंशात आढळते. अशी विसंगती ओढूनताणून मिटवू नये. दोन्ही नोंदी जपाव्यात.

या यादीवरून आधुनिक वंशभेद मात्र कदापि ठरवू नयेत. गुलामगिरीच्या समर्थनार्थ हामाच्या शापाचा दाखला दिला गेला, वास्तविक नवव्या अध्यायातील नोहाचा शाप कनानाला उद्देशून आहे.

त्यानंतर इस्राएलाच्या शेजारी राष्ट्रांच्या वंशावळी पाहाव्यात: मवाब व अम्मोन यांच्यासाठी एकोणिसावा आणि अदोमासाठी छत्तिसावा अध्याय वाचावा.