कडप्प्याचा ओटा घासायला काढण्याआधी

आमच्या ओट्यावर शेगडीच्या उजव्या हाताला आमसुलाच्या वाटीचा पांढुरका गोल उमटला होता. कितीही पुसला तरी हलेना, कारण तो डाग नव्हताच. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट पदार्थ त्याची वरची चकाकी खाऊन टाकतो. ती परत आणायला दगड पेपरने घासावा लागतो. तेव्हा सगळ्यात आधी आपला दगड कोणता ते ओळखा. मिक्सरच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. तिथे चमक गेली तर कडप्पा किंवा संगमरवर. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट, आणि ते हाताने घासण्याच्या भानगडीत पडू नका. त्याला मशीन आणि डायमंड पॅड लागतात, कारागीरच बोलवा.

दिवस कोरड्या हवेचा निवडा. पावसाळ्यात भिजलेला दगड लवकर सुकत नाही. दीड दिवस स्वयंपाकघर बंद राहणार, म्हणून आदल्या दिवशी दशम्या आणि कोरडी चटणी करून ठेवा, पिण्याचं पाणी बाहेरच्या खोलीत आणून ठेवा.

हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर मागा, काळा असतो तो. सुताराचा साधा पेपर पाण्यात विरघळल्यासारखा होतो. २२०, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) दोन-दोन ताव सहा फुटी ओट्याला आमच्याकडे पुरले. खोल ओरखडे असतील तरच १२० घ्या, कारण कडप्पा मऊ आहे आणि १२०चे चरे काढता काढता हात भरून येतात. पेपर गुंडाळायला तळहाताएवढा सपाट लाकडी ठोकळा हवा. नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात आणि ते उजेडात तिरपं पाहिलं की दिसतात.

शेगडी काढण्याआधी रेग्युलेटर बंद करा. नळी हातात आलीच आहे तर तिच्यावरची तारीखही बघून घ्या. नारंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते. ओट्याजवळच्या प्लगांचा एमसीबी खाली पाडा आणि प्लगांवर टेप लावा. खालच्या ट्रॉल्या रिकाम्या करा. घासताना जो राखाडी चिखल निघतो तो कडेवरून थेट डब्यांवर उतरतो. जुनी सुती साडी पिळून ओट्याच्या कडेला बांधासारखी लावली की तो बराच अडतो. सिंकच्या जाळीवर फडकं ठेवा, नाहीतर चिखल पाइपात बसेल.

मग ओटा धुवायचा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, दोनदा. तेलाचा थर राहिला तर पेपर लगेच बुजतो. बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही वापरू नका, अख्खा ओटा त्या आमसुलाच्या गोलासारखा होईल. सिंकभोवतीचा सांधा सुटला असेल तर तो आधी भरून पूर्ण वाळू द्या.

ओटा कोरडा झाला की पेन्सिलीने सगळीकडे फुल्या मारा. ओल्या दगडावर २२० फिरवताना फुल्या जातील तशी कुठली जागा सुटली ते कळतं. पाणी सतत हवं, कारण कोरडी धूळ छातीत जाते. जवळ एन-९५ मास्क असू द्या. २२० नंतर ४००, असा वरचा नंबर घेताना दरवेळी ओटा, ठोकळा, हात, सगळं धुवा. २२०चा एक कण ६००च्या पेपराखाली अडकला तर लांबलचक चरा उठतो.

शेवटी लावायला औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणून ठेवा. गोडेतेल नको, ते चिकट होतं आणि वास मारतं. रात्रभर वाळलेल्या दगडावर सुती फडक्याने हलका हात फिरवायचा, तासाभराने उरलेलं पुसून घ्यायचं. करड्या पडलेल्या दगडात काळा रंग परत वर येताना बघायला मला फार आवडतं. मग शेगडी जागेवर ठेवा, रेग्युलेटर चालू करून नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा, आणि बुडबुडे येत नाहीत हे पाहूनच चहाचं आधण ठेवा.