रासायनिक सूत्रावरून रेणुभार: रेजेक्सनं तुकडे पाडा, कंस स्टॅकवर सोडवा

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) फवारतात, त्यातल्या मोरचुदात (कॉपर सल्फेट, CuSO4·5H2O) तांबं किती? सूत्रातलं पाणी धरलं तर 25.45 टक्के, विसरलं तर 39.8. एवढा फरक पडतो, म्हणून प्रोग्राम पक्काच हवा.

पायथनमध्ये अणुभारांची डिक्शनरी (खूण आणि तिची किंमत अशा जोड्यांची यादी) करा: हायड्रोजन 1.008, ऑक्सिजन 15.999, तांबं 63.546 वगैरे.

सूत्र पाण्याच्या ठिपक्यावर तोडा. भागाच्या सुरुवातीचा आकडा त्या अख्ख्या भागाला गुणायचा.

मग रेजेक्स, म्हणजे मजकुरात शोधायच्या अक्षरांचा नमुना: एक कॅपिटल अक्षर, असलंच तर एक स्मॉल, पुढे असतील तितके आकडे. आकडा नसेल तर 1. इग्नोरकेस (कॅपिटल-स्मॉलचा फरक न पाहण्याचा पर्याय) अजिबात लावू नका. कोबाल्ट (Co) आणि कार्बन मोनॉक्साइड (CO) यांच्यात फरक फक्त दुसऱ्या अक्षराच्या कॅपिटल-स्मॉलचा आहे.

खरी कसोटी कंसाची. ‘कंस काढून टाका आणि तोच रेजेक्स चालवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये, Ca(NO3)2, कंसाच्या आत शेवटी 3 आहे, बाहेर 2. कंस काढला की दोन्ही चिकटून ऑक्सिजनचे 32 अणू होतात आणि 164.09 च्या जागी 566.05 येतं. सगळं एकाच लांबलचक रेजेक्समध्ये कोंबायलाही जाऊ नका. पोटॅशियम फेरोसायनाइडसारखा, K4[Fe(CN)6], कंसात कंस आला की पायथनचा रेजेक्स तिथेच हात टेकतो.

रेजेक्सनं फक्त तुकडे पाडावेत (कंस आणि त्यानंतरचा आकडा हेही तुकडेच), हिशोब स्टॅकनं करावा. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेली चळत, शेवटी ठेवलेलं आधी निघतं. सुरुवातीला तिच्यात एक रिकामी डिक्शनरी ठेवा. कंस उघडला की नवी रिकामी डिक्शनरी स्टॅकवर ठेवा. मूलद्रव्य आलं की सर्वांत वरच्या डिक्शनरीत जमा करा. कंस मिटला की ती डिक्शनरी काढा, तिच्यातली प्रत्येक संख्या कंसानंतरच्या आकड्यानं गुणा आणि खालच्या डिक्शनरीत मिळवा. चौकोनी कंसालाही हेच. शेवटी उरलेल्या डिक्शनरीतली प्रत्येक संख्या अणुभारानं गुणून बेरीज करा.

आणखी एक, आणि हे टाळू नकाच. फाइंडऑल (रेजेक्सला जुळणारे सगळे तुकडे देणारं पायथनचं फंक्शन) न जुळलेली अक्षरं गुपचूप गाळतं. पीडीएफमधून कॉपी केलेल्या पाण्याच्या सूत्रातला खाली बसलेला बारीक 2 पायथनच्या आकड्याच्या पॅटर्नला दिसत नाही. मग 18.015 ऐवजी 17.007 येतं, एरर मात्र येत नाही. म्हणून आधी असे आकडे साध्या आकड्यांत बदला आणि प्रत्येक भागातला सुरुवातीचा आकडा सोडून त्याच्या सगळ्या तुकड्यांची एकूण लांबी उरलेल्या भागाइतकी भरते का, ते तपासा. नसेल भरत तर प्रोग्राम थांबवा.

तपासणीला घ्या: विरलेला चुना, Ca(OH)2, 74.09; अमोनियम सल्फेट, (NH4)2SO4, 132.13; मोरचूद 249.68, पोटॅशियम फेरोसायनाइड 368.35.