लँडलाइनचा जुना नंबर ठेवून घरात फायबर कसं घ्यावं

बीएसएनएलची तांब्याची लाइन सोडून फायबर घ्यायचं ठरलं की घरातली वडीलधारी माणसं आधी एकच गोष्ट विचारतात: नंबर तोच राहील ना? राहतो. मात्र त्यासाठी नेमका अर्ज द्यावा लागतो आणि कामांचा क्रम सांभाळावा लागतो. अर्जावर ‘बदल’ऐवजी ‘बंद’ पडलं, तर पंचवीस-तीस वर्षं नातेवाइकांच्या वह्यांत, बँकेत आणि गॅस एजन्सीत नोंदलेला नंबर हातचा जातो.

आधी नंबरचा निकाल लावा

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती सोय नाही. बीएसएनएलचा २ ने सुरू होणारा नंबर एअरटेलच्या किंवा जिओच्या फायबरवर नेता येत नाही. तिथे त्यांचा नवा नंबर मिळतो. दारावर आलेला विक्रेता ‘करून देतो’ म्हणाला तरी यात फरक पडत नाही. मुंबईच्या एमटीएनएल नंबरांनाही हेच लागू आहे.

म्हणजे वाटा दोनच उरतात. एक, त्याच कंपनीकडे तांब्यावरून फायबरवर बदल करून घ्यायचा. दुसरी, इंटरनेट हव्या त्या कंपनीचं घ्यायचं आणि जुनी लाइन फक्त बोलण्याच्या साध्या प्लॅनवर चालू ठेवायची. दुसरी वाट सोपी दिसते, पण जमिनीखालच्या तांब्याच्या केबलांची अवस्था बघता ती फार दिवस पुरणारी नाही. रस्ता खोदताना केबल तुटली की महिना महिना फोन डेड राहतो. नंबर खरोखर महत्त्वाचा असेल तर पहिलीच वाट धरावी.

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी उरकून घ्या. जुनी थकबाकी शून्य करा, कारण बाकी असेल तर बदलाचा आदेश अडतो. लाइन कोणाच्या नावावर आहे ते बिलावर पाहा. अनेक घरांत ती दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरच असते. तसं असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून आधी नाव बदलून घ्या. बिलावरचा पत्ताही तपासा. फायबर कुठे ओढायचं हे त्यावरून ठरतं.

अर्जात स्वच्छ लिहा: ‘सध्याची तांब्याची लाइन फायबरवर बदलून हवी, नंबर हाच ठेवावा’, आणि पुढे एसटीडी कोडसह पूर्ण नंबर. आधीचं शून्य सोडलं तर हे दहा आकडे भरायला हवेत: पुण्याचा २० आणि आठ आकडे, नाशिकचा २५३ आणि सात, रत्नागिरीचा २३५२ आणि सहा. ‘नवीन कनेक्शन’ या रकान्यावर खूण होऊ देऊ नका, आणि ‘जुनी लाइन बंद करावी’ असा वेगळा अर्ज तर मुळीच देऊ नका. अर्जाची पोच आणि ऑर्डर क्रमांक घ्या. पुढे काही अडलं तर सगळं बोलणं याच क्रमांकावर होतं.

इथे एक गोम आहे. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार ओढतो, पुष्कळदा तो गल्लीतला जुना केबलवालाच असतो. वायर, डबा आणि इंटरनेट त्याच्या हातात असतं; नंबर हलवण्याचा आदेश मात्र बीएसएनएलच्या यंत्रणेतून निघतो. त्याच्याकडून थेट नवं कनेक्शन एका दिवसात मिळतं आणि सोबत नवा नंबर येतो. तो घेऊन नंतर ‘जुना नंबर यावर लावा’ म्हणत बसणं फार किचकट होतं. वायर ओढण्यापूर्वीच त्याला ऑर्डर क्रमांक दाखवा.

डबा कोणता

फायबर ज्या डब्यात येऊन संपतं त्याला ओएनटी म्हणतात. तांब्याच्या लाइनवर इंटरनेट देणारा जुना एडीएसएल मोडेम इथे कामाचा नाही. ओएनटी घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली, मागे ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ लिहिलेलं छोटं भोक हवं. स्वस्तातल्या अनेक डब्यांत ते नसतंच. इंटरनेट छान चालतं आणि फोन कुठे जोडायचा हे कळत नाही. दुसरी, एक्सचेंजकडची यंत्रणा जीपॉन आहे की ईपॉन (फायबर चालवण्याच्या दोन पद्धती) हे विचारा. दोन्हींवर चालणारा डबा एक्सपॉन नावाने मिळतो. तिसरी, वायफाय दोन्ही बँडचं हवं. नुसत्या २.४ गिगाहर्ट्झवर शंभर एमबीपीएसचा प्लॅन असला तरी दाट वस्तीत चाळीस-पन्नासच्या पुढे जाणं कठीण. ५ गिगाहर्ट्झवर पूर्ण वेग मिळतो, पण तो दोन भिंतींपलीकडे मंदावतो. चौथी, शंभरहून मोठा प्लॅन घेणार असाल तर लॅनचं भोक गिगाबिटचं हवं, नाहीतर तारेवर वेग शंभरलाच अडतो.

बसवण्याच्या दिवशी

खांबावरून घरापर्यंत येणारी ड्रॉप केबल शक्यतो एकसंध असावी. मध्ये जोड असेल तर पावसाळ्यात पाणी आधी तिथेच शिरतं. खिडकीतून आत येण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ सोडायला सांगा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडावं आणि सिलिकॉनने बुजवावं. वळण देताना वाटीच्या घेराएवढी गोलाई ठेवा. काटकोनात दुमडलेली केबल आज चालते आणि काही महिन्यांनी सिग्नल गळायला लागते. खिळे ठोकून आवळणं, दाराच्या फटीतून नेणं, जादाची केबल घट्ट गुंडाळून रबर लावणं, हे तिन्ही टाळा.

टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर डब्याचं भोकही हिरवंच हवं. निळा आणि हिरवा एकमेकांत बसतात खरे, पण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. दोन्ही नीट टेकत नाहीत आणि सिग्नल बराच पडतो. टोकाला बोट लावू नका, आणि डोळ्यासमोर धरून आत बघू तर अजिबात नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कामगार निघण्यापूर्वी त्याला पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. घरात येणारा सिग्नल उणे १५ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप; उण्याचा आकडा वाढला की ताकद कमी) असेल तर उत्तम. उणे २५च्या पलीकडे असेल तर आज चालेल आणि पहिल्या पावसात तुटेल; उणे २७च्या आसपास बऱ्याच डब्यांची मर्यादा संपते. हिशेब सोपा आहे. एक्सचेंजकडून साधारण अधिक ३ निघतात, बत्तीस घरांत वाटणारा स्प्लिटर १७ खातो, पाच किलोमीटर फायबर दोनाच्या आत खातं, जोड आणि कनेक्टर मिळून एक-दोन. म्हणजे घरात उणे १७-१८ यायला हवेत. उणे २६ येत असतील तर आठ-नऊ डीबी कुठेतरी वाया चाललेत: वाकलेली केबल, मळलेला कनेक्टर किंवा घाईत लावलेला जोड. तो त्याच दिवशी शोधायला लावा. आकडा कागदावर लिहून डब्याला चिकटवा. पुढे तक्रार करताना ‘आधी उणे १८ होते, आता उणे २६ आहेत’ हे एक वाक्य अर्धा तास वाचवतं.

घरातली जुनी वायरिंग

फोन थेट डब्याच्या टेल भोकाला लावला तर काही विशेष करावं लागत नाही. पण जुन्या घरांत हॉलमधून आतल्या खोलीत आणि वरच्या मजल्यावर पॅरलल वायर गेलेली असते, आणि तीच वापरायची इच्छा असते. वापरता येते. मात्र बाहेरून येणारी तांब्याची जोडी भिंतीवरच्या डबीतून आधी पूर्ण सोडवा. त्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसी असते आणि घंटी वाजताना त्याहून बरीच जास्त एसी. ती टेल भोकात गेली तर डब्याचा फोनचा भाग जळतो. दोन्ही टोकं वेगवेगळी टेप लावून बाजूला ठेवा, मगच टेल भोकातून डबीपर्यंत साधी फोनची वायर न्या. एडीएसएलचा स्प्लिटर किंवा फिल्टर मध्ये राहिला असेल तर काढून टाका.

ओएनटी दोन, फार तर तीन फोनची घंटी वाजवू शकते. चौथा लावला की घंटी दबकी येते किंवा येतच नाही. गोल तबकडीचा जुना फोन येणारा कॉल घेईल, पण त्यावरून नंबर लागेलच असं नाही, कारण बऱ्याच ओएनटी फक्त टोन ओळखतात. बटणांच्या फोनखाली ‘पल्स-टोन’ असा खटका असेल तर तो टोनवर सरकवा.

नंबर हलतो तेव्हा

आधी फायबर, मग इंटरनेट, शेवटी नंबर, हा क्रम पाळायला सांगा. इंटरनेट दोन दिवस नीट चाललं की मगच नंबर जुन्या एक्सचेंजमधून काढून नव्या आयपी यंत्रणेत टाकू द्या. त्यात काही तास, कधी एखाद-दुसरा दिवस फोन बंद राहू शकतो. आवाजासाठी डब्यात इंटरनेटपेक्षा वेगळी जोडणी असते: वेगळा व्हीलॅन (त्याच फायबरवरची स्वतंत्र वाट), आणि नंबर व पासवर्ड भरलेलं सिप खातं (आयपीवरून फोन चालवणारं खातं). ते नोंदलं गेलं की टेलचा दिवा स्थिर लागतो.

चाचणी तिथल्या तिथे करा. मोबाइलवरून घरी फोन लावा. घरून मोबाइलला लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावं लागतं आणि फायबरवरही तसंच. गावातल्या दुसऱ्या लँडलाइनला लावा. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटं बोला, दोन्ही बाजूंनी आवाज येतो का ऐका. शेवटी वेगळ्या कंपनीच्या मोबाइलवरून घरी लावून बघा. हे सहसा कोणी करत नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा लपतो.

बिघाड ओळखायला दिवे पुरेसे आहेत. ‘लॉस’चा लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही: केबल तुटली, वाकली किंवा कनेक्टर निसटला. ‘पॉन’चा हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय, पण एकतर तो क्षीण आहे किंवा डब्याचा सिरियल नंबर तिकडच्या यंत्रणेत चढवलेला नाही. इंटरनेट चालतंय आणि टेलचा दिवा मात्र विझलेला, तर सिप खातं भरलेलं नाही किंवा पुसलं गेलंय. पुसलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी टाचणीने रीसेट दाबलेलं असतं. वायफाय हळू झालं तर डबा बंद करून चालू करा. रीसेटला हात लावू नका, आणि घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

घरून फोन लागतो पण घरी येत नाही, याचा अर्थ नंबर जुन्या एक्सचेंजमधून अजून निघालेला नाही. येणारे कॉल तिकडेच जाऊन थांबतात. यात वायर तपासून उपयोग नाही. ‘नंबरचं राउटिंग जुन्याच एक्सचेंजकडे आहे’ अशी तक्रार नोंदवा. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर दोष आवाजाच्या आयपी जोडणीत असतो. फोनचं यंत्र बदलू नका.

लाइट गेल्यावर

तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजच्या बॅटऱ्यांमधून मिळायची, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ओएनटी बंद की फोन बंद. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर डब्याला बॅटरीची सोय करण्याचा खर्च टाळू नये.

इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो. अडॅप्टरवरचा आकडा वाचा: बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर जास्त चालतात. डबा प्रत्यक्षात आठ-दहा वॅट खातो. ३० वॅट-तासांची बॅटरी असेल तर नुकसान धरून सुमारे अडीच तास मिळतात. गावाकडे सहा-सहा तास लाइट जात असेल तर ८० वॅट-तासांच्या आसपासची घ्या. कॉर्डलेस फोनचा तळही विजेवर चालतो. त्याच्या जोडीला एक साधा, तारेचा फोन जोडून ठेवा.

फॅक्स, चोरीची घंटा, सोसायटीच्या लिफ्टमधला फोन किंवा दवाखान्यातला ईपीएबीएक्स (आतल्या फोनांना जोडणारी यंत्रणा) त्या लाइनवर असेल तर आधी सांगा. फॅक्स आणि घंटेचे सूर दाबलेल्या आवाजात बिघडतात. त्यासाठी आवाजाचा कोडेक (आवाज पाठवण्याची पद्धत) जी.७११ ठेवावा लागतो. लिफ्टचा फोन तर बदल झाल्यावर लिफ्टच्या आत उभं राहून, मेन स्विच पाडून तपासा.

पहिलं बिल नीट वाचा. जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे ५०० रुपयांचे ५९० होतात. जुन्या तांब्याच्या प्लॅनचं भाडं त्याच महिन्यात पुन्हा लागलंय का, आणि जुनी अनामत रक्कम नव्या खात्यात वळली का, हे पाहा. बिलावरचा नंबर जुनाच आहे याची खात्री झाली की मगच भिंतीवरची तांब्याची जोडी कापायला हरकत नाही.