गिटारशिवाय रॉक: पियानोवर उभा राहणारा अल्बम कसा करावा

पियानो रॉकचा अल्बम करायचा म्हटला की बहुतेक जण आधी माइक आणि सॉफ्टवेअरच्या चौकशीला लागतात. मी म्हणेन, सुरुवात डाव्या हातापासून करा. एकट्याने वाजवताना डावा हात खर्ज भरून काढतो, पण बँडमध्ये ते काम बेस गिटारचे असते. चार तारांच्या बेसचा सर्वात खालचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा, तर पियानोचा 27.5 हर्ट्झचा. दोघांनी एकाच ठिकाणी ठाण मांडले की गाणे गढूळ होते आणि मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, ते फारसे निवळत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी: तालमीत प्रत्येक गाण्यातून डावा हात काढून टाका. फक्त उजवा हात, बेस आणि ड्रम्स. जिथे खरोखर पोकळ वाटेल तिथेच डावा हात परत आणा, तोही शक्यतो मधल्या सप्तकात. हे करताना जीवावर येते, कारण आपण वर्षानुवर्षे दोन्ही हातांनी वाजवलेले असते. तरी करा.

आता गिटारच्या जागेचे काय? डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेली, गिटार कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) ताणून धरते. पियानोचा स्वर मात्र हातोडी तारेवर आदळताच विरू लागतो. ही उणीव लयीने भरून काढावी लागते. कॉर्ड धरून बसण्याऐवजी ती आठव्या मात्रांत ठोकत राहा, म्हणजे प्रत्येक ठोक्यावर दोनदा. दुसरा मार्ग बेसचा. 1995 साली आलेल्या बेन फोल्ड्स फाइव्हच्या पहिल्या अल्बमची उभारणी पियानो, बेस आणि ड्रम्स यांवरच आहे. गिटारचा खरखरीत भरणा तिथे फझ (एक प्रकारचे डिस्टॉर्शन) लावलेला बेस करतो. पियानोचे स्वर लांबवणारे पेडल मात्र जपून वापरा. कॉर्ड बदलली की पाय उचललाच पाहिजे, नाहीतर स्वर एकमेकांत मिसळतात आणि स्नेअर ड्रमचा फटका त्यात बुडतो.

गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरवा, बोटांच्या सोयीवरून नाही. मग फोनवर कच्चे रेकॉर्डिंग करून आठवडाभर ऐका. जे गाणे चौथ्या दिवशी कंटाळा आणते, ते बाजूला ठेवा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी पियानो ट्यून करून घ्या. रॉकसाठी जोरात वाजवले की तो लवकर उतरतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे काम असेल तर ट्यूनरला रोज बोलवावे. जुना पियानो 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरापर्यंत चढवताना तारा तुटण्याची भीती असते. अशा वेळी तो आहे तिथेच आपापसात सुरात लावा आणि बेस त्याच्याशी जुळवून घ्या.

ग्रँड पियानोचे झाकण उघडून हातोड्यांच्या वर साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवर दोन कंडेन्सर माइक लावा, एक खालच्या तारांकडे, दुसरा वरच्या. जवळ नेले तर आघात धारदार येतो, मागे नेले तर लाकडाची घुमक. दोन्ही माइक मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलवर, एकत्र करून ऐकायला विसरू नका. आवाज पातळ झाला तर फेज जुळत नाही, म्हणजे दोन माइकमधल्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडत आहेत, असे समजून एक माइक थोडा सरकवा. ड्रम्स त्याच खोलीत असतील तर पियानोच्या माइकमध्ये झांजा शिरणारच. ते टाळायचे असेल तर ड्रम्स दुसऱ्या खोलीत ठेवा, पण तिघे एकमेकांना दिसतील अशी सोय करा. नजरेच्या इशाऱ्यावर लय जशी सुटते-आवळते, तशी क्लिक ट्रॅकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यांवर) कधीच होत नाही.

रेकॉर्डिंग 24 बिटवर करा आणि सर्वात मोठा आवाजही उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या. पियानोत हळुवार आणि कडाडता यांमधले अंतर फार असते, त्यामुळे आवाजाची पातळी ठरवण्याच्या चाचणीत गाण्यातला सर्वात जोराचा भाग वाजवा.

गाणे फारच सभ्य वाटू लागले तर रेकॉर्ड केलेला पियानो गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवा, समोर माइक लावून पुन्हा टिपा आणि मूळ आवाजाखाली थोडासा मिसळा. अल्टरनेटिव्ह रॉकमधला म्हणतात तो ओरखडा बऱ्याचदा इथूनच येतो. अपराइट पियानोच्या हातोड्या आणि तारांमध्ये फेल्टची पट्टी सोडली तर अगदी उलटे होते, आवाज कानात कुजबुजल्यासारखा येतो. एका अल्बममध्ये या दोन्ही टोकांना जागा आहे.

मिक्सिंगमध्ये 200 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्याकडे आधी पाहा, दाटी तिथेच होते. पियानो डावीकडून उजवीकडे पूर्ण पसरवण्याचा मोह होतो. संथ गाण्यात तो पुरवा, वेगवान गाण्यात पियानो थोडा आवळून घ्या, म्हणजे मधोमध असलेल्या गायकाशेजारी तो एका जागी बसलेला वाटेल.

शेवटी क्रम. लाँगप्ले तबकडीवर (एलपी) आणायचे असेल तर एका बाजूला साधारण 20 मिनिटांचाच हिशोब धरा. एकाच पट्टीतली दोन गाणी लागोपाठ ठेवू नका. पियानोचा रंग सगळीकडे सारखाच असल्याने ती एकच लांबलेले गाणे वाटतात. क्रम पक्का झाला की दोन गाण्यांमधली शांतता कानाने मोजा आणि मगच फाइल्स मास्टरिंगला, म्हणजे अल्बमच्या शेवटच्या ध्वनिसंस्काराला, पाठवा.