गावात एचआयव्हीवर बोलायला उभं राहाल तेव्हा

मी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे. १ डिसेंबर जवळ आला की आशाताई, एनएसएसचे सर, कधी ग्रामसेवक फोन करतात, "मॅडम, एड्स दिनाला काय बोलायचं? चार्ट असला तर पाठवा." चार्ट पाठवते, पण त्यानं भागत नाही. एचआयव्ही कसा पसरतो हे गावाला पाठ आहे, दहावीची पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. तरी तपासणीला कुणी फिरकत नाही, कारण मनात दुसरंच असतं: "तसल्या लोकांना होतं ते. आमच्यात तसलं काही नाही."

म्हणून आधी लोकांना बोलू द्या. समाजमंदिरात बायका आणि पुरुष वेगळे बसवा. जमलं तर सासवा आणि सुनाही. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. ज्याला काही विचारायचं नाही त्यानंही कोरी चिठ्ठी डब्यात टाकायची, म्हणजे कुणी लिहिलं ते कळत नाही. "डास चावून होतो का", "एका संडासात गेलं तर" हे प्रश्न येणारच. नाही होत, असं सांगा आणि पुढं सरका, त्यावर अर्धा तास घालवू नका. एखादीनं लिहिलेलं असतं, "नवऱ्याला न सांगता तपासता येतं का?" तुम्ही आलात ते या चिठ्ठीसाठी. येतं. सरकारी केंद्रात तपासणी मोफत आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तुमचा रिपोर्ट परस्पर कुणाला सांगता येत नाही.

कवटी आणि हाडांचं जुनं पोस्टर कुठं लावलेलं असेल तर उतरवा. भ्यालेला माणूस म्हणतो, मरायचंच आहे तर कळून काय करू? त्याला औषधाचं सांगा. २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्यांचा उपचार, सरकारी केंद्रांत फुकट मिळते. आता लागण कळली की लगेच गोळ्या सुरू होतात, तब्येत ढासळायची वाट बघत नाहीत. रोज नेमानं घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य सावकाश म्हणा, दोनदा म्हणा. माझ्या अनुभवात सभा इथं गप्प होते.

आता गरोदर बाईचं. आमच्याकडे सर्वांत जास्त घरं इथं मोडतात. दिवस राहिले की बाकी रक्ततपासण्यांसोबत तिची एचआयव्हीची तपासणीही होते. नवऱ्याची होत नाही. त्यामुळं कागदावर नाव आधी तिचं येतं, आणि सासू माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून म्हणते, "हिनंच आणलं आमच्या घरात." कुणाला आधी झालं हे त्या रिपोर्टवरून कळतच नाही, कळतं ते इतकंच की हिला आधी तपासलं. सभेत हे पुरुषांच्या बाजूला सांगा, बायकांना ते ठाऊक असतं. आणि "बाईला घेऊन या" म्हणू नका, "जोडीनं या" म्हणा. बाळाचा धोकाही इथंच सांगा: उपचार नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, वेळेवर उपचार घेतले तर ५ पेक्षा कमी.

दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. "टोळीवाले घेऊन येतात" असं तुमच्या तोंडून चुकूनही जाऊ देऊ नका, नाहीतर ती माणसं परत सभेला दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी १ डिसेंबरची वाट बघू नका, कार्यक्रम त्या निघायच्या आधी घ्या. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी एआरटी केंद्राला आधी कळवावं, जास्त दिवसांच्या गोळ्यांची किंवा कारखान्याजवळच्या केंद्रातून घ्यायची सोय बघता येते. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, डबी दिसेल म्हणून कितीतरी जण गोळ्याच सोडतात. लेबल खरवडून काढा म्हणावं, गोळ्या मात्र त्याच डबीत ठेवा, दमटपणा लागता कामा नये.

निरोध दाखवाल तेव्हा कुणीतरी हसेल. हसू द्या.

कुणी उठून "लग्नाआधी तपासणी सक्तीची करा, ठराव घ्या" म्हणालं तर टाळ्या पडतील. तिथं ठाम राहा. सक्ती कायद्यात बसत नाही, आणि ताजी लागण तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. मग एका निगेटिव्ह कागदाच्या भरवशावर लग्न लावून काय साधलं? दोघांनी राजीखुशीनं तपासलं तर उत्तमच.

"आपल्या गावात किती आहेत?" हेही विचारतील. आकडा सांगू नका, अंदाजही नको, कुणाकडे बघूही नका. "माहीत असतं तरी सांगितलं नसतं" एवढंच म्हणा. समोर बसलेला एखादा त्यावरूनच ठरवतो की तुमच्याकडे यायचं की नाही.

सभा संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका, चपलांपाशी जरा रेंगाळा. तिथं विचारलेल्याचं उत्तर तिथंच द्या. समोरच्याचा नंबर मागू नका, तुमचा द्या, आणि १०९७ ही मोफत हेल्पलाइन सांगून ठेवा.